हजेरी आणि प्रयोग

ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1876 साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा. पाच वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन कायदे मराठी सुशिक्षितांच्या आठवणीत फार वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. सरकार नाटकाला भ्यायलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 साली आलेली बंदी नाट्यरसिकांच्या घराघरांत ठाऊक असते, आणि परवानगी, बंदी, कात्री यांच्याशी रंगभूमीने दिलेले झगडे आपल्या नाट्येतिहासात मानाने नोंदले जातात. 1871 च्या कायद्याला त्या इतिहासात जागाच नाही. तो पोलिसांचा आणि समाजकल्याण खात्याचा विषय समजला जातो. पण त्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी कोणाकोणाला जन्मजात गुन्हेगार ठरवलं ते पाहिलं, तर वाचणाऱ्याला थांबावंच लागतं. पंजाबातले सांसी हे जाट घराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवणारे, लग्नकार्यात त्या म्हणून दाखवणारे लोक. ते यादीत होते. खेळ करणारे, गाणारे, नाचणारे असे कित्येक गट होते. आपल्याकडचे मांग गारुडीही होते. म्हणजे एका कायद्याने नाटकाला धरलं आणि दुसऱ्याने गावोगाव फिरून गोष्ट सांगणाऱ्या माणसांना. पहिल्याच्या विरोधात आपण दीडशे वर्षं बोलत आलो, दुसरा रंगभूमीचाही प्रश्न आहे हे आपल्याला सुचलंच नाही.

हा विषय सोलापुरात बसून लिहायला सबळ कारण आहे. 1911 साली सुधारलेला कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि ठिकठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत त्यांतली एक महत्त्वाची. कैकाडी, कंजारभाट, पारधी, टकारी, मांग गारुडी अशा कुटुंबांना तिथे आणून ठेवलं. कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला ही माणसं एका जागी हवी होती. दोन्ही गरजा एकमेकींना सोयीच्या पडल्या. वसाहतीतल्या माणसाला बाहेर जायला पास लागे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभरातून हा कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली, पण वस्तीचं नाव सेटलमेंट ते सेटलमेंटच राहिलं. सोलापूरकर आजही रिक्षावाल्याला तोच पत्ता सांगतो. सात रस्त्याजवळ रंगभवन आहे, थोडं पुढे हुतात्मा स्मृती मंदिर आहे, तिथे मुंबई-पुण्याची नाटकं लागतात, राज्य नाट्य स्पर्धेची चर्चा होते. सेटलमेंट काही दुसऱ्या गावात नाही. तरीही या शहराची रंगभूमी आणि ही वस्ती यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते किलोमीटरमध्ये मोजता येणारं नाही.

माझं म्हणणं असं आहे. भटक्या, विमुक्त आणि आदिवासी समाजांचं गोष्ट सांगणं, सोंग काढणं, गाणं याला आपण ‘लोककला’ म्हणतो, आणि तिथेच पहिली चूक होते. हे काम समाजजीवनातली एक संस्था होती. कोण कुणाचा, कोणत्या गावाचं कोणाशी नातं, परका माणूस कशाने ओळखायचा, मेलेल्यांना कोणी आठवायचं, अशा कामांसाठी ती संस्था उभी होती. त्या संस्थेतून आपण कला तेवढी वेगळी काढली, तिला महोत्सवात बसवलं, आणि माणसाला पोलिसांच्या वहीत ठेवलं. म्हणून या समाजांनी स्वतःचं नाटक स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या बोलीत उभं करणं हा छंदाचा किंवा जतनाचा मामला राहत नाही. तो नागरिकत्वाचा दावा असतो. आणि मराठी समाजाने विमुक्तांना लिहिण्याचा मान दिला, तरी हा दावा अजून ऐकलेला नाही.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकातल्या गावांत हेळवी येतात. सुगी झाल्यावर यायचं, ठरलेल्या घरासमोर उभं राहायचं आणि त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ म्हणायची, ही त्यांची पिढीजात वृत्ती. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, कोणती शाखा कुठे गेली, कोणाला किती मुलं, हे सगळं त्यांच्याजवळ असतं. घरात नवं मूल जन्मलं असेल तर त्याचं नाव साखळीत ओवलं जातं. त्याबदल्यात धान्य, कापड, कधी जनावर. शेतकऱ्याच्या घरचा सातबारा तलाठ्याकडे असतो, पण त्या घराची आठवण एका भटक्याच्या तोंडी असते. हा व्यवहार नीट पाहिला तर लक्षात येतं की इथे ऐकणारा मालक आणि म्हणणारा भिकारी नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या नावावर वीतभर जमीन नाही, तो जमीनवाल्याला सांगतो आहे की तू कोण आहेस. चिली आणि अर्जेंटिनातल्या मापुचे लोकांमध्ये असंच काम करणाऱ्याला ‘वेउपिफे’ म्हणतात: कुळांचा, लढायांचा, तहांचा इतिहास तोंडी ठेवणारा आणि सभेत तो उभा करणारा माणूस. त्याच्या शब्दावर कुळाकुळांतली नाती ठरत. साता समुद्रांपलीकडची ही दोन माणसं एकच काम करतात हे बघून मला योगायोगाचं नवल वाटत नाही. ज्या समाजांनी कागदावर भिस्त ठेवली नाही, त्यांना हे काम करणारी माणसं घडवावीच लागली.

आता बहुरूप्याकडे पाहू. रायरंद, बहुरूपी पोलिसाचा वेश चढवून दारात यायचा, खोटं वॉरंट काढायचा, घरधन्याला दरडावायचा, आणि आजूबाजूला जमलेली पोरंबाळं हसून लोटपोट व्हायची. जो फिरस्ता खऱ्या पोलिसाच्या संशयाखाली जगतो, तोच पोलिसाचं सोंग घेऊन गावच्या पाटलाला दम भरतो, यातली ताकद कुठल्याही राजकीय नाटकापेक्षा कमी नाही. पण हा प्रयोग एका अटीवर चालतो. समोरच्याने ओळखलं पाहिजे की हा आपला बहुरूपी आहे, दरवर्षी येतो, याचा बापही यायचा. ओळख हीच इथे रंगमंचाची चौकट. ती चौकट आपण मोडली, आणि मोडताना कायद्याचीही मदत घेतली. मुंबई राज्याने 1959 साली भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं ही सगळी भीक मागण्याची निमित्तं म्हणून नोंदवलेली आहेत. हेच कलम वापरून फिरत्या कलावंताला उचलता येतं, वॉरंटाशिवाय. दिल्लीपर्यंत पोहोचलेल्या याच कायद्याची भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती. महाराष्ट्रात व्याख्या कायम आहे. नाट्यगृहात तिकीट काढून पाहिला तर तो प्रयोग, आणि एस. टी. स्टँडवर फुकट पाहिला तर तो गुन्हा, असा भेद करणाऱ्या राज्यात आपण राहतो.

ओळखीची चौकट मोडल्यावर काय होतं ते 1 जुलै 2018 रोजी दिसलं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. मारले गेलेले बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. या घटनेवर अफवा, समाजमाध्यमं, कायदा-सुव्यवस्था असं पुष्कळ लिहिलं गेलं, ते आवश्यकही होतं. पण एक गोष्ट त्या चर्चेत आली नाही. डवरी गोसावी ज्या काळात गावोगाव जाऊन गाणी म्हणत, भिक्षा मागत, त्या काळात गाव त्यांना आवाजावरून ओळखत असे. त्यांच्या भगव्या वेशाला आणि गाण्याला अर्थ होता. आज तो आवाज कानाला अनोळखी झाला आहे. गावाला भटक्याची गोष्ट ठाऊक नसेल, तर त्या रिकाम्या जागेत अफवेची गोष्ट येऊन बसते. आणि ही ओळख पुन्हा करून देण्याचं काम कुठलंही पोलिसी परिपत्रक करू शकत नाही, ओळखपत्र तर नाहीच. जमावाने ओळखपत्रं वाचत बसल्याचं कधी कोणी ऐकलेलं नाही.

मापुचे नाटकाची हकिगत इथे उपयोगी पडते, म्हणून थोडी तपशिलात सांगतो. मापुचे लोकांनी स्पॅनिश सत्तेला तीन शतकं आपल्या मुलखाच्या बाहेर रोखलं होतं. 1641 साली स्पेनला त्यांच्याशी कीयिन इथे तह करावा लागला. जे स्पेनला जमलं नाही ते स्वतंत्र झालेल्या चिलीने 1861 ते 1883 च्या मोहिमेत केलं, आणि वर त्या मोहिमेला शांतता प्रस्थापित करण्याचं नाव दिलं. मापुचेंच्या हाती तुकड्यातुकड्यांची राखीव जमीन उरली. पुढे तीही अपुरी पडली आणि लाखो माणसं राजधानी सान्तियागोच्या कडेला घरकामाला, पावाच्या भट्ट्यांवर कामाला आली. 2017 च्या जनगणनेत साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी स्वतःला मापुचे म्हणवून घेतलं. जमिनीच्या लढ्यातल्या त्यांच्या पुढाऱ्यांवर चिलीने दहशतवादविरोधी कायदा लावला. 2014 साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने त्या शिक्षा हक्कांचा भंग करणाऱ्या आहेत असा निकाल दिला. अख्ख्या समाजावर गुन्ह्याचा शिक्का मारणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

याच सान्तियागोत 2008 साली पाउला गोन्सालेस सेगेल या दिग्दर्शिकेने ‘किमुन तेआत्रो’ ही नाट्यसंस्था सुरू केली. पहिल्या प्रयोगात व्यावसायिक नट घेतले नाहीत. शहरात येऊन आयुष्य काढलेल्या मापुचे बायका मंचावर आल्या आणि त्यांनी आपापली हकिगत सांगितली: गाव कसं सुटलं, भाषा मुलांना का शिकवली नाही, मालकिणीच्या घरी नाव कसं बदललं गेलं. पुढे ‘न्युके’ या 2016 च्या नाटकासाठी त्यांनी प्रेक्षकांना थेट मापुचे घरात, ‘रुका’त, नेऊन बसवलं, त्या घराच्या आतच पोलिसांच्या धाडीच्या सावटाखाली जगणाऱ्या कुटुंबाचं नाटक घडतं. मला यातली रंगमंचीय युक्ती महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचा आहे तो यजमानपणाचा बदल. एरवी मापुचे माणूस चिलीच्या सभागृहात पाहुणा असतो, प्रदर्शनात ठेवलेला असतो. इथे तो घरधनी आहे आणि चिलीचा सुशिक्षित प्रेक्षक त्याच्या उंबऱ्याच्या आत, त्याच्या अटींवर बसलेला आहे. मापुचेंच्या ‘ङिल्यातून’ या सामूहिक विधीतही एक कुळ दुसऱ्या कुळाला बोलावतं, खाऊपिऊ घालतं, आणि पुढे कधीतरी ते ऋण फेडलं जातं. नाटकाने ती रीत शहरात आणली, एवढंच.

आपल्या देशात याच्याशी जवळचं उदाहरण अहमदाबादच्या छारानगरात आहे. फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेतादेवींनी ते प्रकरण कोर्टात लावून धरलं. त्याच वर्षी त्या आणि गणेश देवी छारानगरात गेले, तिथे एक वाचनालय सुरू झालं, आणि वस्तीतल्या तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवलं. त्यातून ‘बुधन थिएटर’ उभं राहिलं. दक्षिण बजरंगे आणि त्यांचे सोबती पंचवीसहून अधिक वर्षं ते चालवत आले आहेत. एका बंगाली शबराची गोष्ट गुजरातेतल्या छारांनी का करावी? कारण त्यांच्या घरी ती रोज घडत होती. छारा आणि आपल्याकडचे कंजारभाट हे सांसींच्याच गोतातले, बोलीही एकमेकींच्या जवळची. म्हणजे ज्यांचे पूर्वज जाटांच्या वंशावळी म्हणत, त्यांच्या नातवंडांनी देशातल्या विमुक्तांची मयतनोंद ठेवायला सुरुवात केली. छारानगरही सोलापूरसारखंच कुंपणाच्या वसाहतीतून वाढलेलं. ज्या मोकळ्या जागेत हजेरी घेतली जाई, तशाच जागेत प्रयोग होऊ लागला. मग असाच पिंड, असाच इतिहास आणि तेच गोत असलेल्या सोलापुरात असं काही स्थिर का उभं राहिलं नाही, हा प्रश्न या शहराने स्वतःला विचारायला हवा.

उत्तराचा एक भाग आपल्या साहित्याच्या यशात आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 साली. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दादासाहेब मोरे यांचं ‘गबाळ’, भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’, किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ ही आत्मकथनं मराठी वाचकाला हादरवून गेली. त्यांचं मोल कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. या पुस्तकांशिवाय या विषयावर मराठीत बोलायला भाषाच नव्हती. पण आत्मकथन एकट्याने लिहिलं जातं आणि एकट्याने वाचलं जातं. सदाशिव पेठेतला वाचक रात्री ‘उपरा’ मिटवून अस्वस्थ होतो, सकाळी कामाला जातो, आणि लेखकाच्या वस्तीतल्या माणसाशी त्याची गाठ पडत नाही. वस्तीतल्या ज्या आईबापांची ती हकिगत असते, त्यांतल्या अनेकांना ते पुस्तक वाचता येत नाही. प्रयोगात असा दुरावा राहत नाही. तिथे सांगणारा आणि ऐकणारा एका हवेत श्वास घेतात. आजी समोर बसलेली असते आणि नातू तिची गोष्ट चुकीची सांगू लागला तर ती तिथल्या तिथे टोकते. मराठी समाजाने विमुक्तांचं दुःख छापील स्वरूपात स्वीकारलं, कारण ते तसं झेपण्याजोगं होतं. गर्दी जमवण्याचा त्यांचा हक्क मात्र त्याने अजून मान्य केलेला नाही. आणि हजेरीच्या दिवसांतही नेमकी गर्दीचीच भीती होती.

गोष्ट रस्त्यावर मांडणं म्हणजे काय हे सोलापूरला कोणी शिकवायची गरज नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत हे शहर चार दिवस आपले रस्ते एका कथेला देऊन टाकतं. कुंभारकन्येचा सिद्धेश्वरांशी प्रतीकात्मक विवाह, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. निरनिराळ्या समाजांकडे निरनिराळे मान आहेत, आणि ते मान म्हणजेच या शहराचा अलिखित सामाजिक करार आहे. ऐन दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत पालख्या भेटतात, गुरू-शिष्याची भेट पुन्हा घडते, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे धनगर कानडी-मराठीत एकच कथा गातात. गुंथर सोन्थायमर यांच्यासारखा जर्मन पंडित आयुष्याची कित्येक वर्षं धनगरी ओव्यांमागे फिरला, तो या कथांत समाजाची घडण दिसते म्हणून. ज्या समाजाला कथेसाठी रस्ता मिळतो, त्याला शहरात मान मिळतो, हा नियम सोलापूर दरवर्षी पाळतं. सेटलमेंटच्या कथेला असा एकही दिवस, एकही रस्ता नाही. 31 ऑगस्टचा विमुक्त दिन वस्तीत साजरा होतो. शहराच्या दिनदर्शिकेत तो नाही.

याला पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप खुद्द या समाजांतूनच येतो. पोतराजाने आसूड मारून घ्यायचे, डोंबाऱ्याच्या पोरीने दोरीवर चालायचं, याला तुम्ही संस्था म्हणता? आमच्या पोरांनी शाळेत जावं की तुमच्यासाठी सोंगं काढत बसावं? या प्रश्नासमोर नम्रच व्हावं लागतं. दलित चळवळीने पोतराजांचे केस कापले, वतनाची कामं नाकारली, आणि ते बरोबरच केलं. पण त्याच चळवळीचा दुसरा भागही आठवायला हवा. येसकरकीचं जोखड फेकून देणाऱ्यांनी तमाशाची ढोलकी फेकून दिली नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी 1930 नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसे उभे केले; त्याआधी सत्यशोधक जलसे होतेच. गणात देवाऐवजी विचाराला वंदन आलं, वगातला राजा जाऊन सावकार आणि भट आले, आणि वस्त्यावस्त्यांत रात्र रात्र माणसं बसून राहिली. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत महाडचा आणि नाशिकचा सत्याग्रह जलशातून पोहोचला. सक्तीने केलेलं काम आणि आपलं म्हणून केलेलं काम यांत फरक करता येतो, हे आंबेडकरी जलशाने सिद्ध करून ठेवलं आहे. पोरगी दोरीवर चालू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण तिच्या आजीने दोरीवरून काय पाहिलं ते तिने कुणाला सांगूही नये, हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जात पंचायतीचा. समाजाच्या परंपरेला मान द्या म्हणता, मग पंचांच्या दंडालाही द्या. बाईच्या अंगाची परीक्षा घेणाऱ्या रिवाजालाही द्या. या आक्षेपात सत्य आहे. महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नाही. पण इथेही पाहावं कोण बोललं ते. 2018 च्या सुमारास कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला तो कंजारभाट तरुण-तरुणींनीच, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. समाजाची संस्था म्हणजे एकमत नव्हे. पंचायतीत म्हातारे पुरुष बोलतात, बायका ऐकतात. मंचावर हा क्रम उलटू शकतो, आणि सान्तियागोच्या त्या पहिल्या प्रयोगात तो उलटलाच होता. वस्तीच्या नाटकाला माझा पाठिंबा वस्ती निर्दोष आहे म्हणून नाही. तिथलं भांडण तिथल्याच माणसांनी, पाहुण्या सुधारकाच्या मध्यस्थीशिवाय, सगळ्यांसमोर भांडावं, याला त्याहून चांगली जागा मला दिसत नाही.

सरकार सन्मान करतं की, असंही म्हटलं जाईल. करतं. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण सन्मान एका माणसाचा होतो आणि भीक-प्रतिबंध कायद्याचं 1959 चं कलम सबंध समाजाला लागू राहतं. आणि प्रेक्षकच उरला नाही, मोबाइलने सगळं खाल्लं, म्हणणाऱ्यांनी एकदा दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजला जाऊन यावं. मंडईच्या दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावांत रात्रभर नाटकं चालतात, घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. प्रेक्षक टिकला, कारण तिथे नाटक नात्यागोत्याच्या व्यवहारात गुंतलेलं राहिलं.

मापुचे आणि विमुक्त यांची तुलनाच ओढूनताणून आहे, असं एखादा अभ्यासक म्हणेल. मापुचे एका सलग मुलखाचं राष्ट्र, त्यांच्याशी तह झालेले. विमुक्त म्हणजे दहा बोलींच्या, एकमेकांत बेटीव्यवहार नसलेल्या, विखुरलेल्या जाती. फरक खरा आहे आणि त्यातून एक अडचण निघते ती टाळू नये: सोलापूरच्या सेटलमेंटचं नाटक एका भाषेत होऊ शकणार नाही. कैकाडी, पारधी आणि कंजारभाट कुटुंबांच्या घरच्या बोली वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत. पण हजेरी सगळ्यांनी एकत्र दिली, गिरणीत पाळ्या एकत्र केल्या, पोलिसांची धाड सगळ्यांच्या दारावर पडली. हा सामायिक इतिहास मराठीत सांगता येईल आणि घरातलं बोलणं ज्याच्या त्याच्या बोलीत राहू शकेल. हे शहर मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच रिक्षात ऐकत आलेलं आहे; मंचावर चार बोली आल्या म्हणून सोलापूरचा प्रेक्षक गांगरणार नाही.

मागण्या साध्या आहेत आणि त्या कोणाकडे करायच्या हेही उघड आहे. 1959 च्या व्याख्येतून गाणं, नाचणं, खेळ करणं हे शब्द विधिमंडळाने काढावेत. ते दुरुस्ती विधेयकाच्या एका ओळीचं काम आहे. महापालिकेने 31 ऑगस्टला रंगभवन किंवा हुतात्मा स्मृती मंदिर विमुक्तांच्या प्रयोगांसाठी विनाभाडे द्यावं. विद्यापीठाने सेटलमेंटमधल्या ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या हकिगती त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, आणि त्या मुद्रणांची मालकी वस्तीकडे ठेवावी. हे काम पुढच्या पाच-सात वर्षांत झालं नाही, तर हजेरी पाहिलेला माणूस उरणार नाही. आणि नाट्यसंस्थांनी वस्तीत जाऊन कार्यशाळा घेण्याची घाई करू नये. पहिला प्रयोग वस्तीच्या चौकात, वस्तीच्या माणसांसमोर व्हावा, त्यांनी तो मोडून पुन्हा बांधावा. शहराला बोलावणं नंतर येईल, आणि आलं की सात रस्त्यावरून सेटलमेंटपर्यंत जायला रिक्षाने फार वेळ लागत नाही.